बँकेतल्या बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीची तयारी करून देणारी सेवा: केससाठी घ्या, गोष्टींसाठी नको

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. बँकेत बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी केस (धंद्यातला एखादा प्रश्न देऊन समोरच सोडवायला लावतात ती) आणि बिहेवियरल (आधीच्या कामातले प्रसंग विचारतात ती) अशा दोन्ही मुलाखतींची तयारी करून देणारी एक ऑनलाइन सेवा मी पूर्ण पॅकेज घेऊन वापरली. त्यातला थेट केस-सरावाचा भाग उत्तम आहे, व्हिडिओ बेताचे आहेत आणि बिहेवियरलचा भाग पैसे देऊन स्वतःचं नुकसान करून घेण्यासारखा आहे. सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धर्तीच्या सेवा बऱ्याच आहेत आणि त्यांचा साचा इतका सारखा आहे की यातलं बहुतेक तुमच्या डोळ्यासमोर असलेल्या सेवेलाही लागू पडेल.

मी स्वतः बरीच वर्षं कर्जवसुली विभागात अहवाल बनवते. कुणाचा हप्ता 30 दिवस थकला, कुणाचा 60, कुणाचा 90, या रकान्यांत माझा दिवस जातो. तिथून बिझनेस अ‍ॅनालिस्ट व्हायचं होतं. त्यामुळे या सेवेकडे बघण्याची माझी नजर वसुलीवाल्याची आहे, हे लक्षात घेऊन वाचा. ज्या केसमध्ये बुडीत कर्जाचा उल्लेखच नाही ती केस बँकेची नाही, असं माझं मत आहे. मॅनेजमेंट शिकून थेट आलेल्यांना कदाचित ते टोकाचं वाटेल.

पॅकेजमध्ये रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, सोडवलेल्या केसेसचा संग्रह, तोंडी गणिताचा सराव, मार्गदर्शकांबरोबर थेट मॉक इंटरव्ह्यू आणि बिहेवियरलसाठी ‘स्टोरी रिव्ह्यू’ एवढं येतं. शिवाय एक एआय मुलाखतकार आहे. तुम्ही किती वेळा ‘म्हणजे’ म्हणालात ते तो मोजतो. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

व्हिडिओंची गोम अशी आहे की ते सल्लागार कंपन्यांच्या मुलाखतींसाठी बनवलेले आहेत आणि वर बँकेचं लेबल चिकटवलंय. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, उत्पन्न म्हणजे किंमत गुणिले संख्या, मग त्याच्या फांद्या काढत बसायचं. साबण विकणाऱ्याला हे पुरतं. साबण विकला की दुकानदार मोकळा. कर्ज देणाऱ्याचा खरा खर्च विक्रीनंतर सुरू होतो, कारण दिलेलं परत यायचं असतं. आणि किंमत, म्हणजे व्याज, वाढवली की ग्राहकांची संख्या घटते एवढंच होत नाही, ग्राहक कोण आहेत तेच बदलतं. व्हिडिओत ही दोन वाक्यं कुठेच नाहीत. ‘तोट्यातल्या शाखा बंद कराव्यात का’ ही केस त्यांनी भाडं आणि पगार मांडून सोडवली आहे. त्या शाखेतल्या ठेवींचं काय होणार, त्या स्वस्त ठेवी गेल्या तर कर्जासाठी लागणारा पैसा किती महाग पडेल, याबद्दल अवाक्षर नाही. केससंग्रहातल्या निम्म्या केसेस विमानकंपन्या आणि कॉफीच्या साखळ्यांच्या आहेत. त्या मी सोडून दिल्या.

तोंडी गणिताचं अ‍ॅप मात्र बरं आहे, पण त्याला दशांशापर्यंत अचूक उत्तर हवं असतं. प्रत्यक्ष मुलाखतीत आकडा सोयीने गोल केला आणि ‘वर गोल केलाय, म्हणजे खरं उत्तर थोडं कमी येईल’ असं सांगितलं तर ते जास्त भावतं. काही ठिकाणी तर कॅल्क्युलेटरही चालतो. बघितलं जातं ते आकडा आल्यावर तुम्ही त्याचं काय करता हे.

आता थेट सत्रं. ज्यासाठी ही सेवा घ्यावी ते इथे आहे. माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्या मार्गदर्शक बाई बँकेत क्रेडिट कार्डांचं काम करून आलेल्या होत्या. ओळखपाळख नाही, ‘स्वतःबद्दल सांगा’ नाही, थेट आकडे.

बँक 10,000 लोकांना कार्डाचा प्रस्ताव पाठवते. प्रत्येक प्रस्तावाला खर्च 1, चलन कुठलंही धरा. 2 टक्के लोक अर्ज करतात, त्यातले निम्मे मंजूर होतात. म्हणजे 100 ग्राहक मिळाले आणि एकेक ग्राहक मिळवायला 100 खर्च झाले. प्रत्येकाची कार्डावरची सरासरी बाकी, जिच्यावर व्याज लागतं ती, 1,000. व्याज वर्षाला 20 टक्के. बँकेला स्वतःला तो पैसा 5 टक्क्यांनी पडतो. 6 टक्के बुडतात. खातं चालवायचा खर्च वर्षाला 30. तर ग्राहक मिळवायला घातलेले 100 किती दिवसांत वसूल होतील?

20 मधून 5 आणि 6 गेले, उरले 9 टक्के, म्हणजे 90. त्यातून 30 वजा केले की वर्षाला 60 सुटतात. 100 वसूल व्हायला 20 महिने. इथपर्यंत कुणीही येतं.

मग बाई म्हणाल्या, "वरिष्ठ म्हणतायत व्याज 24 टक्के करू. करायचं?"

कागदावर उत्तर झकास येतं: 24 मधून 11 गेले, 130 उरले, 30 वजा, वर्षाला 100. एका वर्षात वसुली. मी हा आकडा सांगितला आणि लगेच पुढे म्हटलं की बुडीत 6 टक्केच राहील हे मला पटत नाही. माझ्या रकान्यांत रोज दिसणारी माणसं आठवत होती. ज्याला दुसरीकडे स्वस्तात कार्ड मिळतं तो 24 टक्क्यांच्या प्रस्तावाकडे बघणारही नाही. अर्ज करणार तो ज्याला दुसरीकडे कुणी उभं करत नाही तो. बाईंनी ताबडतोब नवे आकडे दिले, जणू तयारच ठेवले होते: बुडीत 11 टक्के, आणि अर्ज घटून मंजूर ग्राहक 80. आता 24 वजा 5 वजा 11, उरले 8 टक्के, म्हणजे 80. त्यातून 30 गेले, सुटले 50. ग्राहक मिळवण्याचा खर्च 10,000 भागिले 80, म्हणजे 125. वसुलीला अडीच वर्षं. व्याज वाढवून कार्ड दहा महिने मागे गेलं.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बुडीत 11 टक्के होईल हा तुमचा अंदाज, वरिष्ठ म्हणतात 7 होईल, तर वाद मिटवणार कसा? उत्तर: छोट्या प्रमाणावर चाचणी. यादीतली माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटायची, एकाला 20 चा प्रस्ताव, दुसऱ्याला 24 चा. मग पुढचा प्रश्न: निकाल कधी बघायचा? तीन महिन्यांनी बघितला तर प्रतिसादाचा आकडा हातात असतो, बुडिताचा नसतो. अमेरिकेत कार्डाची बाकी 180 दिवस थकल्यावर बुडीत म्हणून खात्यातून काढतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या चाचणीत बुडीत जवळजवळ शून्यच दिसणार आणि 24 वाला गट जिंकल्यासारखा वाटणार. त्याऐवजी 30 दिवस थकलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत किती आहे ते आधी बघायचं. हे मी सांगितलं तेव्हा बाईंनी पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी, दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा ग्राहक बँकेला हवा की नको, असा साधासा वाटणारा प्रश्न. त्याच्याकडून व्याज शून्य, पण त्याच्या प्रत्येक खरेदीवर दुकानदाराकडून टक्का मिळतो. त्यातून बक्षिसाचे पॉइंट वजा करायचे. तो बुडवत नाही, पण त्याच्या खर्चापुरता पैसा बँकेला उभा करावा लागतोच. एका ओळीत उत्तर नाही आणि त्यांना ते एका ओळीत नकोही होतं.

या सत्रातच त्यांनी जाता जाता सांगितलं की बँकेच्या केसमध्ये कार्ड एवढं का येतं. रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस हे दोन सल्लागार 1988 मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेट बँकेत गेले ते एकच कल्पना घेऊन: सगळ्यांना सरसकट एका भावाने कार्ड देण्याऐवजी चाचण्या घ्यायच्या आणि माणसागणिक भाव ठरवायचा. त्यातूनच 1994-95 मध्ये कॅपिटल वन ही कार्डांची कंपनी वेगळी झाली. अशा बँकेत बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे चाचणी आखणारा आणि तिचा निकाल वाचणारा माणूस, म्हणून मुलाखतही तशीच. हे सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली. व्हिडिओवाल्यांनी सुरुवातीला एवढं सांगितलं असतं तरी कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला असता.

दुसऱ्या मार्गदर्शकांनी आकड्यांचा तक्ता दिला आणि गप्प बसले. खातं उघडण्याच्या अर्जांची मंजुरी 68 टक्क्यांवरून 59 वर आली आहे, कारण शोधा. गेल्या महिन्यात शाखेतून 800 अर्ज, मंजूर 600. अ‍ॅपवरून 200, मंजूर 80. या महिन्यात शाखेतून 400, मंजूर 320. अ‍ॅपवरून 600, मंजूर 270. टक्के काढले तर शाखेत 75 चे 80 झालेत, अ‍ॅपवर 40 चे 45. दोन्हीकडे सुधारणा आणि एकूण मात्र घसरण, कारण अर्जांचा ओघ कमी मंजुरीच्या वाटेकडे वळला. आकडेशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. पण नाव घेऊन थांबणाऱ्याला हे गृहस्थ गुण देत नव्हते. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मग ही वाईट बातमी आहे का?" मंजूर खाती 680 वरून 590 झालीत, म्हणजे बातमी चांगली नाहीच. पण मंजुरीचे नियम सैल करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. अ‍ॅपवर कोण येतंय, कागदपत्रांच्या पायरीवर किती जण गळतायत आणि 400 अर्ज शाखेतून गेले कुठे, ते बघायला हवं. एवढ्या चांगल्या केसला त्यांनी फीडबॅक मात्र दोन ओळींचा दिला, पाचपैकी चार गुण. नंतर कळलं की ते जवळपास सगळ्यांनाच पाचपैकी चार देतात.

मोठी उणीव पुढे आहे. बँकेत ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ या एकाच पदनामाखाली दोन निराळ्या नोकऱ्या असतात आणि ही सेवा दोन्हींना एकच पॅकेज विकते. एक वर सांगितली ती, भाव आणि जोखीम ठरवणारी. दुसरी म्हणजे व्यवसाय आणि आयटी यांच्या मधे बसून गरजा लिहून काढणारी. जाहिरातीत बीआरडी (व्यवसायाच्या गरजांचा दस्तऐवज), यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेली गरज), यूएटी (वापरणाऱ्यांनी करायची चाचणी), प्रोसेस मॅपिंग (कामाच्या पायऱ्यांचा नकाशा) असे शब्द दिसले तर ती दुसरी. तिच्या मुलाखतीत 20 महिन्यांचं गणित कुणी विचारत नाही. तिथे एखादी अर्धवट मागणी समोर ठेवतात आणि तुम्ही काय प्रश्न विचारता ते बघतात.

यासाठी पॅकेजमध्ये एकच सत्र होतं. केस उत्तम निवडली होती: परदेशी पेमेंटचे संदेश जुन्या साच्यातून आयएसओ 20022 या नव्या आंतरराष्ट्रीय साच्यात न्यायचे. खराखुरा विषय आहे. स्विफ्टवर, म्हणजे बँकांमधले असे संदेश नेणाऱ्या जाळ्यावर, दोन्ही साचे मार्च 2023 पासून नोव्हेंबर 2025 पर्यंत शेजारी शेजारी चालले. नव्या साच्यात पत्ता, पैसे पाठवणारा, अंतिम लाभार्थी यांना वेगवेगळे रकाने आहेत. त्यामुळे विचारण्यासारखं किती आहे बघा. नवा संदेश जुन्या सिस्टिमला पोचताना कापला गेला तर कुठला मजकूर गळेल? निर्बंध यादीशी नावं ताडून बघणारी सिस्टिम पूर्ण नाव वाचते की कापलेलं? ग्राहकाच्या स्टेटमेंटवर काय छापून येईल? रात्रीच्या ताळमेळात जुना आणि नवा संदर्भ क्रमांक जुळणार का? आणि चाचणी पूर्ण झाली यावर सही कुणाची, पेमेंटवाल्यांची की कम्प्लायन्सची, म्हणजे नियमपालन बघणाऱ्यांची? मार्गदर्शकांनी मात्र सगळं सुरळीत पार पडलं तर काय होईल याचा सुबक फ्लोचार्ट काढून घेतला आणि सत्र संपवलं. पेमेंट अडकलं, परत आलं, दोनदा गेलं, यातलं काहीच नाही. बँकेत अ‍ॅनालिस्टचा दिवस तर याच तिन्हींत जातो.

आता बिहेवियरल. ‘अशी एखादी वेळ सांगा जेव्हा तुम्ही…’ या प्रश्नांमागे विचार आहे. जॉन फ्लॅनॅगन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांवर काम करताना नेमके प्रसंग गोळा करण्याची पद्धत बसवली आणि 1954 मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली. माणूस कसा आहे असं विचारू नका, त्या वेळी त्याने काय केलं ते विचारा, हा त्याचा गाभा. स्टार पद्धत, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम, ही त्याच वाटेवरची. इथपर्यंत सेवेचं सांगणं बरोबर.

घोटाळा ‘स्टोरी रिव्ह्यू’त होतो. तुम्ही तुमचा प्रसंग लिहून पाठवायचा, ते तो सुधारून देतात. माझा प्रसंग हा: एका महिन्याच्या अहवालात एका गटाची थकबाकी अचानक निम्म्यावर आली होती. सगळे खूश. मी खाती उघडून बघितली तर ज्यांचे हप्ते नव्याने बांधून दिले होते त्यांचे थकलेले दिवस सिस्टिमने शून्य केले होते. वसुली झालेलीच नव्हती. अहवाल दुसऱ्या दिवशी वरच्या बैठकीत जायचा होता. मी तो थांबवायला सांगितलं, साहेब चिडले, शेवटी तळटीप घालून आणि ती खाती वेगळी काढून अहवाल गेला.

सुधारून आलं त्यात साहेबांचं चिडणं गायब. ‘संबंधित घटकांशी समन्वय साधला’ असं वाक्य त्याजागी. परिणामाच्या रकान्यात सूचना: इथे टक्केवारी घाला, उदाहरणार्थ ‘अहवालाची अचूकता 30 टक्क्यांनी वाढली’. अचूकता कशाच्या तुलनेत, मोजली कुणी, कधी? बँकेत समोर बसलेला माणूस आयुष्यभर आकडे तपासत आलेला असतो. तो पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि ठोकून दिलेल्या आकड्याला पुढे उत्तर नसतं. मी सुधारलेली प्रत बाजूला ठेवली आणि मुलाखतीत जसं घडलं तसं सांगितलं. त्यावर प्रश्न आले ते असे: सगळ्यात आधी कुणाला सांगितलंत? साहेब ऐकले नसते तर काय केलं असतंत? पुढच्या महिन्यात तीच चूक होऊ नये म्हणून काय बदललं? तिन्ही प्रश्न नेमके त्या चिडण्याच्या जागेवरून निघाले होते.

बँकांना अशाच प्रसंगांत रस असतो: नाही म्हणालात ती वेळ, वरिष्ठांशी मतभेद, मुदत जवळ असताना सापडलेली चूक, नियम आणि ग्राहकाची सोय यांतली ओढाताण. सेवेच्या यादीत ‘नेतृत्व’ आणि ‘टीमवर्क’ याखाली ढीगभर प्रश्न आहेत, यातले फार थोडे. आणि एक गोष्ट तर त्यांनी कुठेच लिहिलेली नाही, जी पहिल्या पानावर हवी: जुन्या नोकरीतल्या ग्राहकाचं नाव, खात्याचे तपशील, न छापलेले आकडे मुलाखतीत बोलू नका. ‘एक मोठा कर्जदार’ एवढं पुरतं. इथे बोलणारा माणूस उद्या आमच्याबद्दलही बोलेल, हा विचार समोरच्याच्या मनात आलाच म्हणून समजा.

गटातला सराव म्हणून जे विकतात ते घेऊ नका. पाच जण एकमेकांच्या केसचं कौतुक करतात. वेळ ठरवण्याची यंत्रणाही रडतखडत चालते, मार्गदर्शक आयत्या वेळी रद्द करतात आणि नवी वेळ आठवड्यानंतरची मिळते. मुलाखतीची तारीख आलेली असेल तर हे महागात पडतं, तेव्हा पहिली सत्रं लवकर लावून टाका.

विकत घ्यायचंच असेल तर पूर्ण पॅकेजऐवजी सुटी केस-सत्रं घ्या. त्याआधी जाहिरात नीट वाचून आपली नोकरी दोहोंपैकी कुठली ते ठरवा, आणि मार्गदर्शक निवडताना त्यांनी कुठल्या नामांकित सल्लागार कंपनीत काम केलं ते बघू नका. बँकेत कुठल्या उत्पादनावर, किती वर्षं, आणि ते बुडताना पाहिलंय का, हे विचारा. मला कार्डवाल्या बाई योगायोगाने मिळाल्या. पुन्हा त्याच हव्यात म्हटल्यावर यादीत त्यांचं नाव शोधून वेळ लावावी लागली, ते पान सहज सापडत नाही. दुसऱ्या सत्रात त्यांनी गृहकर्ज मुदतीआधी फेडणाऱ्यांची केस दिली, तीही तितकीच कसदार होती. पुढे एका बँकेत माझी निवड झाली, त्यात या दोन सत्रांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या एका बँकेने केसनंतर नकार दिला, कारण कळवलं नाही.

स्टोरी रिव्ह्यूचे उरलेले क्रेडिट केस-सत्रासाठी बदलून मिळतील का, असं मी ग्राहकसेवेला विचारलं होतं. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. आणखी एका स्टोरी रिव्ह्यूवर सवलत मात्र देऊ केली.